वंगणरावांचं पहिलं भांडण

माझा धाकटा भाऊ कुणाकडे पाहुणा म्हणून गेला की आधी दार उघडतो, मग लोटतो, मग पुन्हा उघडतो. घरच्यांना वाटतं, बाहेर अजून कुणी राहिलंय. तसं काही नसतं. तो बिजागरी ऐकत असतो. ती कुरकुरली तर खिशातून अंगठ्याएवढी तेलाची कुपी काढतो, वर एक थेंब, खाली एक थेंब, आणि मगच नमस्कार करतो. एकदा आम्ही एका घरी भेटायला गेलो होतो. तिथल्या आजोबांना जाऊन दोनच दिवस झाले होते. सगळे मान खाली घालून बसलेले, आणि हा दाराशी उकिडवा. त्यानंतर त्या घरात कोण आलं आणि कोण गेलं हे कुणाला कळेनासं झालं. पंधरा दिवस माणसं दचकत होती.

चौतीस वर्षं तो काडेपेटीच्या कारखान्यात होता. हुद्दा ऑइलमन. लांब चोचीचा तेलाचा डबा घेऊन यंत्रांमधून फिरायचं आणि जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे तेल सोडायचं, एवढंच काम. तेल सोडायच्या दोनशे बारा जागा होत्या, आणि त्या त्याला आपल्या नातेवाइकांपेक्षा जास्त ठाऊक होत्या. जेवताना मध्येच म्हणायचा, “सत्तेचाळीस नंबर आज जरा तहानलेला वाटला.” आई म्हणायची, “कोण रे तो, त्याला घरी आण.” कारखान्यात त्याला वंगणराव म्हणत. पुढे आम्हीही म्हणायला लागलो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याने एक पराक्रम केला. पेटीच्या कडेला जी तपकिरी खरखरीत पट्टी असते, ती लावणारं यंत्र किंचित किंचाळत होतं. याने त्या रुळाला सढळ हाताने तेल पाजलं. रूळ गप्प झाला. दिवसभरात निघालेल्या एकाही पेटीवर काडी पेटेना. फोरमनने त्याला समोर उभं करून एकामागून एक चाळीस काड्या घासून दाखवल्या आणि म्हणाला, “बाबा रे, आत घासू द्यायचं नाही आणि बाहेर घासल्याशिवाय आपलं पोट भरत नाही. एवढं डोक्यात ठेव.”

याने निम्मंच ठेवलं. आत घासू द्यायचं नाही.

आणि ते त्याने माणसांनाही लावलं, हीच सगळी गोम. दोन फिटर हमरीतुमरीवर आले की वंगणराव मध्ये जाणार, एकाला म्हणणार “तुझं बरोबर आहे,” दुसऱ्याला म्हणणार “तुझंही बरोबर आहे,” आणि दोघं मिळून याच्यावर चिडले की समाधानाने पुढच्या यंत्राकडे जाणार. माझ्याशी लहानपणापासून तो कधी भांडला नाही. माझं तारुण्य त्यामुळे फार कंटाळवाणं गेलं.

अशा माणसाला बायको मिळाली ती पाच बहिणींच्या घरातली. त्या घरात भांडण म्हणजे सकाळचा व्यायाम. दात घासून झाले की कुणी चादरीची घडी घातली नाही यावर एक फेरी व्हायची, मग सगळ्या हसत चहाला बसायच्या. माझी ही भावजय घरी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. तिचं पायाने चालवायचं जुनं ओतीव लोखंडाचं मशीन आहे, आणि लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने नवऱ्याला बजावलं होतं, “घरात कशालाही तेल घाला. माझ्या मशीनला हात लावायचा नाही.”

“बरं,” तो म्हणाला.

ती बिचारी भांडणाची वाट बघत बसली. कारण तिच्या माहेरी असं म्हटलं की समोरचा “का म्हणून?” असं विचारतो आणि मग बोलणं सुरू होतं. हा बरं म्हणून गेला आणि एकतीस वर्षं त्या मशीनकडे फिरकला नाही. मशीन गुरगुरायचं, दातओठ खायचं, मधूनच कण्हायचं. हा शेजारच्या खोलीत बसून उशी कानावर घेई.

तिने नाही नाही ते उपाय केले. एकदा मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही.

“कशी झालीय?”

“छान.”

“मीठ घातलेलंच नाही.”

“म्हणूनच छान झालीय.”

पुढच्या वेळी तिने मीठ तिप्पट घातलं. हा तीन तांबे पाणी प्यायला आणि म्हणाला, “आज चव लागली.” मुलगी होती तोवर निदान तिच्याशी तरी आईचं वाजायचं. ती लग्न होऊन परगावी गेली आणि घरात फक्त मशीन बोलायचं राहिलं.

गेल्या वर्षी पुढच्या खोलीला पडदे शिवायचे होते. हिरवा की निळा, असं भावजयीने विचारलं. “दोन्ही छान,” वंगणराव म्हणाले. तिने एकाच खिडकीला एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला निळा पडदा लावला. म्हटलं, आता तरी बोलेल. आठ महिने तो त्या खिडकीखाली बसून पेपर वाचत होता.

मग एके दिवशी ती म्हणाली, “मी ताईकडे राहायला जाते.”

“जा की. बरं वाटेल.”

“कायमची जातेय.”

याचा घास हातातच राहिला. मला नंतर म्हणाला, आत काहीतरी खटकन तुटल्यासारखं झालं होतं. पण तोंडातून निघालं काय, तर “तुला योग्य वाटेल तसं कर.” आणि ती कपडे भरत असताना याने काय करावं? तिच्या बॅगेच्या चाकांना तेल घातलं. ओढताना त्रास नको म्हणून.

हे मला भावजयीनेच फोनवर सांगितलं. तिची थोरली बहीण त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहते. विधवा, एकटी आणि तोंडाने तिखट. दोघींचं रोज सकाळी यथासांग चाललं होतं.

“वन्सं, मी इथे मजेत आहे,” भावजय म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, उजव्या गुडघ्यात घर्षण वाढलंय. मी म्हटलं, वाढणारच, घरातलं सगळं तिकडे जाऊन बसलंय.”

“ते राहू दे. परत कधी येणार?”

“तुमचा भाऊ माझ्याशी एकदा भांडू दे. एकदाच. पण खरं. मी भिंतीशी बोलत नाही एवढं मला कळलं तरी पुरे. नाहीतर एक तारखेला टेम्पो येतोय मशीन न्यायला. मशीन इकडे आलं की मी इकडची, असं समजा.”

एक तारखेला अकरा दिवस होते. मी छत्री घेतली आणि भावाकडे गेले.

घर असं शांत की आपल्याच श्वासाची लाज वाटावी. दारं गप्प, पंखा गप्प, नळ गप्प. वंगणराव हिरव्या-निळ्या खिडकीखाली बसले होते, दाढी वाढलेली, समोर पाव आणि थंड झालेला चहा. मला बघून उठला. डोळे लाल होते.

“ताई, घर फार सुरळीत चाललंय गं,” तो म्हणाला.

मी भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झालेली बाई आहे. पुढे त्याचा उपयोग फक्त भाचरांचे गृहपाठ करण्याकडे झाला, पण विषय पक्का आहे. मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, “घर्षण म्हणजे शत्रू असं तू कशावरून धरून बसलास? तू चालतोस कसा? तळवा जमिनीला घासतो म्हणून. नाहीतर जागच्या जागी पाय मारत राहिला असतास. भिंतीतला खिळा घर्षणावर टिकतो. बुटाची गाठ घर्षणावर टिकते. सायकलचा ब्रेक घर्षणावर लागतो. पेन कागदावर घासतं म्हणून अक्षर उमटतं. थंडीत तळहात चोळतोस तेव्हा ऊब कुठून येते? तू चौतीस वर्षं ज्याचा पगार खाल्लास ती काडेपेटी काय वंगणावर पेटते? पेपरात दोन गटांत घर्षण झालं असं छापून येतं ना, तेव्हा निदान दोन गट आहेत एवढं तरी कळतं. तुमच्या घरात दुसरा गटच नाही.”

“बरोबर आहे, ताई.”

“हो म्हणू नकोस.”

“बरं.”

मी कपाळावर हात मारला आणि शिकवणी सुरू केली. पहिला धडा माझ्याशीच.

“तू बावळट आहेस,” मी म्हटलं.

“थोडा आहे.”

“तुझ्या त्या कारखान्याच्या काड्या पेटायच्याच नाहीत.”

“पावसाळ्यात जरा व्हायचं तसं.”

“पृथ्वी चपटी आहे.”

त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, “आपल्या गल्लीत तरी तशीच दिसते.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला वरच्या मजल्यावर पाठवलं. वरची बाई रोज ओले कपडे न पिळता वाळत घालते आणि सगळं पाणी याच्या वाळलेल्या कपड्यांवर गळतं. जाऊन सरळ सांग, हे चालणार नाही. वीस मिनिटांनी साहेब खाली आले.

“बोललास?”

“बोललो.”

“मग?”

“त्यांनी विचारलं, उद्या सतरंज्या धुवायच्या आहेत, त्यांचं पाणी पडलं तर चालेल का. मी म्हटलं, चालेल.”

तिसऱ्या दिवशी इमारतीच्या रखवालदाराकडे धाडलं. तो भर दुपारी फाटक लावून झोपतो आणि आलेल्या माणसाला ताटकळत ठेवतो. म्हटलं, याच्यावर तरी आवाज चढव. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मी गॅलरीतून वाकून बघितलं. रखवालदार खुर्चीवर चहा पीत होता, आणि माझा भाऊ फाटकाखाली उताणा पडून चाकाला तेल घालत होता. त्या दिवसापासून फाटक इतकं हलकं झालं की वाऱ्याने आपोआप लागतं. आता दिवसभरच ताटकळायचं.

शेवटी मी भांडण लिहूनच दिलं. वहीच्या पानावर सहा वाक्यं. म्हटलं, फोन लाव आणि वाच, मी शेजारी बसते. त्याने घसा साफ केला आणि हजेरी घेतल्यासारखं वाचलं, “मला हे अजिबात मान्य नाही. तू समजतेस काय स्वतःला. इथे थांबून टेबलावर हात आपट.”

पलीकडून भावजय म्हणाली, “शेवटचं वाक्य वाचायचं नव्हतं.”

“सॉरी.”

“वन्सं तिथेच आहेत का?”

“हो. देऊ का?”

“नको. त्यांना सांगा, लिहिलंय चांगलं.” आणि तिने फोन ठेवला. ठेवताना तिचा आवाज बदललेला मलाही ऐकू आला. भांडायला बसलेल्या बाईचा तो आवाज नव्हता. तो दमलेल्या बाईचा होता. मी तो कागद फाडून टाकला.

एक तारखेला दोन दिवस उरले. त्या दिवशी मी गेले तेव्हा वंगणराव मशीनसमोर जुनं फडकं, स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची कुपी मांडून बसले होते.

“तिने हात लावू नको म्हटलंय ना?”

“हो. पण आता जाणारच आहे ते, ताई. नीट चालणारं जाऊ दे. एकतीस वर्षं मी त्याचं कण्हणं ऐकलंय. माझ्या घरातून कुठलं यंत्र असं जाणं बरं नाही.”

म्हणजे बायको सोडून चालली तरी हा तिची वाट गुळगुळीत करणार. मला इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. बाहेरून स्क्रू फिरवल्याचा आवाज आला, मग मशीनचं डोकं मागे कलल्याचा ठक आवाज, मग काहीच नाही. मी कप घेऊन बाहेर आले.

तो मशीनच्या पोटात बघत होता. आत काळं लोखंड दिसायला हवं होतं. तिथे सगळीकडे पिवळट-तपकिरी थर चढलेला, वाळलेल्या डिंकासारखा, आणि त्यात एकतीस वर्षांचे दोऱ्यांचे तुकडे आणि कापसाचे पुंजके रुतलेले. एक मुंगीही होती, बहुधा मुलीच्या जन्माच्या आधीची. त्याने नखाने थोडा थर खरवडला. नाकाशी नेला. मग, मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते, जिभेला लावला.

त्याचे कान लाल झाले.

त्याने मशीनचा ड्रॉवर ओढला. आत बॉबिन, खडू, मोजायची टेप आणि कोपऱ्यात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली. त्याने बूच काढून वास घेतला.

“ताई,” तो म्हणाला. “गोडं तेल.”

एखाद्याने उंबऱ्यावर रक्त बघावं तसा तो आवाज होता.

“असेल,” मी म्हटलं. “त्यात काय एवढं. तेल ते तेल.”

“ताई, तू गप्प बस.”

मी खरंच गप्प बसले. साठ वर्षांत त्याने मला पहिल्यांदा गप्प बसवलं होतं, आणि मला इतका आनंद झाला की हातातला चहा बशीत सांडला. तो उठला. खालचे दोन स्क्रू काढून मशीनचं डोकं टेबलापासून सोडवलं, चादरीत बांधलं आणि खांद्यावर मारलं. “ड्रॉवर घे,” मला म्हणाला. “पुरावा आहे तो.”

तो पुढे आणि मी मागे, छातीशी ड्रॉवर धरून. खाली त्याच्या इमारतीचं फाटक वाऱ्याने लागलेलं होतं. रखवालदार झोपलेला. माझ्या भावाने फाटकावर अशी लाथ घातली की तो खुर्चीवरून उठून सलाम करत उभा राहिला. दोन गल्ल्या ओलांडून थोरल्या बहिणीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत तो दम न खाता चढला. मी दुसऱ्यावर थोडी थांबले, माझं वय लपवण्यात अर्थ नाही, पण वरचं काही चुकू नये म्हणून पुन्हा पळत सुटले.

भावजयीने दार उघडलं. दार चांगलं खणखणीत कुरकुरलं. त्याने ऐकलंसुद्धा नाही.

“हे काय आहे?” त्याने चादर सोडली.

“माझं मशीन. तुम्ही हात लावलात?”

“लावला. एकतीस वर्षांपूर्वी लावायला हवा होता. यात तू काय घालत होतीस?”

“तेल.”

“कुठलं?”

“घरातलं.”

“कढईतलं?”

“कढईतलं कशाला? बरणीतलं. वापरलेलं तेल घालू नये एवढं मला कळतं.”

“काय कळतं? अगं, गोडं तेल वाळतं. वाळलं की त्याचा डिंक होतो. तू यंत्राला तेल नाही पाजलंस, खळ लावलीस.”

“चाललं की एकतीस वर्षं.”

“चाललं नाही, रांगलं. चौतीस वर्षं मी तेलाचं काम केलं. दोनशे बारा जागा सांभाळल्या. आणि माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, मशीनला फोडणी चालली होती.”

स्वयंपाकघरातून थोरली बहीण हातात उलथणं घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. “सुरू झालं का?” तिने हळूच विचारलं. मी मान हलवली. तिने गॅस बंद केला आणि स्टूल ओढून बसली.

“तुमच्या तेलाला वास येतो,” भावजय म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. “गणवेश पांढरे असतात. वास लागला, डाग पडला तर कोण घेईल?”

“मशीनच्या तेलाला वास नसतो. वास माझ्या शर्टाला यायचा, ते कारखान्यातलं. ते वेगळं, हे वेगळं.”

“मग हे मला एकतीस वर्षांत सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस का नाही?”

“मी हात लावू नका म्हटलं आणि तुम्ही लावला नाहीत. एकतीस वर्षं कुणी एवढं ऐकतं का माणसाचं?”

यावर तो सवयीने म्हणाला, “बरं.”

“बरं म्हणू नका. चांगलं चाललं होतं.”

“बरं नाही,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज आता जिन्यात घुमत होता. “अजिबात बरं नाही. तो पायटा किती जड झालाय, तू बघितलंस का कधी? मी आज हाताने दाबून बघितला. दगड उचलावा तसा लागतो. त्यावर तू रोज सहा तास उजवा पाय मारतेस. आणि गुडघा दुखतो म्हणून शेकत बसतेस गुडघ्याला. गुडघ्याला काही झालेलं नाही. रोग मशीनला आहे. मी रोज संध्याकाळी मलम चोळत होतो चुकीच्या जागी.”

भावजयीने पदराने नाक पुसलं.

“आणि दुसरं,” तो थांबायचं नाव घेईना, “एका खिडकीला एक हिरवा आणि एक निळा पडदा कुणी लावतं का?”

“तुम्हाला दिसत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. बोटीत बसल्यासारखं मळमळतं.”

“आठ महिने?”

“आठ महिने आणि चार दिवस.”

“मग कुठला काढायचा?”

“निळा.”

“हिरवा काढा. निळा चांगला आहे.”

“निळ्यात उजेड मरतो.”

“हिरव्यात तुम्ही आजारी दिसता.”

“मी हिरव्यात आजारी दिसतो कारण आठ महिने शेजारी निळा आहे.”

थोरली बहीण माझ्या कानाशी म्हणाली, “माणूस तयार आहे हो. उगाच वाया घालवला.” मी म्हटलं, “आमच्याकडे लवकर कळत नाही.”

तासाभराने दोघांचेही घसे बसले तेव्हा मशीन अजून दारातच होतं. वंगणरावांनी तिथेच फतकल मारली. थोडं रॉकेल द्या, म्हणाले, सगळा थर विरघळवून काढतो. “माझ्या फरशीवर रॉकेल नको,” थोरली बहीण उलथणं रोखून म्हणाली. “तुमची घाण तुमच्या घरी.”

“मग घरी चला,” भावजय म्हणाली. “पण मी समोर बसणार. हे कुठला स्क्रू कुठे लावतील याचा भरवसा नाही.”

“चौतीस वर्षं मी स्क्रू—”

“तुम्ही तेल घालत होतात. स्क्रू फिटर लावायचे. मला सगळं माहीत आहे.”

तिने पाच मिनिटांत बॅग भरली. थोरल्या बहिणीने विचारलं, टेम्पोवाल्याला काय सांगू. “नको म्हणून सांग,” भावजय म्हणाली. “नाहीतर थांब. मशीन तो घेऊन जाईल का आत्ता?” “मी नेतो,” वंगणराव म्हणाले. “तुम्ही एकट्याने उचलणार? कंबर धरेल.” “येताना कुणी उचललं?” “येताना तुम्ही रागात होतात.” “अजून आहे.”

शेवटी दोघांनी चादरीची दोन-दोन टोकं धरली. तुम्ही पुढे व्हा, तू पुढे हो, असं करत पहिल्या पायरीवरच पाच मिनिटं गेली. बॅग भावजयीने जिन्याच्या कडेला उभी केली होती. चाकांना तेल अगदी अव्वल घातलेलं. कुणाचा तरी पाय लागला की नाही देव जाणे, बॅग आपली आपण निघाली, एकेक पायरी उतरत वळणावर पोचली, तिथे भिंतीवर आपटून फुटली, आणि भावजयीचे कपडे दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांच्या दारापर्यंत पसरले.

“चाकांना तेल कुणी घातलं?” भावजय म्हणाली.

“बॅग उतारावर कुणी ठेवली?” वंगणराव म्हणाले.

दोघं मशीन झुलवत खाली गेले. बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. बॅग आणि कपडे मी आणि थोरल्या बहिणीने गोळा केले. मग पुन्हा छातीशी ड्रॉवर धरून मी जिन्यात उभी राहिले. माझी कुणाला आठवण नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. “ताई, ड्रॉवर तुझ्याकडे आहे का?” मागून आवाज, “मी सांगितलं होतं, वन्संकडेच असेल.” “तू जिन्यात असेल म्हणालीस.” “वन्सं जिन्यातच होत्या.”

मी ड्रॉवर आणि बॅग घेऊन गेले. घंटा वाजवली. भावाने दार उघडलं आणि ते कुरकुरलं. मी आधी माझे कान तपासले. खिडकीला पडदाच नव्हता, ऊन थेट खुर्चीवर पडलं होतं. मशीन मधोमध उभं, काळंभोर, चकचकीत, आणि भावजय पाय मारत होती. आवाज म्हणून नाही.

“वन्सं, हे आता चालतंय की नाही तेच कळत नाही,” ती म्हणाली. “मघाशी बोलता बोलता बाहीच शिवून बंद करून टाकली.”

“मग हळू मार पाय,” भाऊ म्हणाला.

“तुम्ही शिवा मग.”

मी दार दोन वेळा उघडलं, मिटलं. कुर्र, कुर्र. “अरे, तुझ्या घरात हे? तेल घाल की.”

“घालणार आहे,” वंगणराव मान वर न करता म्हणाले. “जुनं काल रॉकेलने धुऊन काढलं. नवं कुठलं घालायचं, यावर अजून एकमत नाही.”

“बिजागरीला खोबरेल काय वाईट आहे?” भावजय म्हणाली.

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि खुर्ची तिच्यासमोर ओढली. माझा चहा मलाच करून घ्यावा लागला.